मुदतवाढ नको, पावती द्या

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

या उकाड्यातही पंख्याखालची जागा हेरून बसलेले नगरकर श्रोतेहो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘संकेतस्थळ आणि छायाचित्रे’. त्यामुळे काही मंडळी कॅमेरे घेऊन आलेली दिसतायत. त्यांची मी माफी मागतो. मी बोलणार आहे ते स्क्रीनवर गोल गोल फिरणाऱ्या चक्राबद्दल. ते बघत आपले ट्रेकवाले, शाळावाले, उत्सव समितीवाले अर्धी रात्र काढतात. आणि आधीच सांगतो, मी कुठूनही सुरुवात केली तरी येणार एकाच ठिकाणी: सर्व्हरला मुदतवाढ देऊ नका.

सर्व्हर म्हणजे काय, होस्टिंग म्हणजे काय, ते सांगत बसत नाही. घरातल्या नववीतल्या पोराला विचारा. (हशा)

समजा, भुईकोट किल्ला, फराहबाग आणि सलाबतखानाची कबर, म्हणजे आपण जिला चांदबीबीचा महाल म्हणतो आणि म्हणतच राहणार, असे तीनशे फोटो तुम्हाला गॅलरीत टाकायचे आहेत. फोल्डरला जिल्ह्याचं जुनं नाव द्यायचं की नवं, यावर मी काही बोलणार नाही. मला जेवायला घरी जायचंय. (हशा) एकेक फोटो ५ एमबीचा धरा. झाले १५०० एमबी. तुमच्या जोडणीचा वर जायचा वेग २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला पाव एमबी असेल, तर नुसतं पोचायलाच ६००० सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. वेगाची जाहिरात असते ती बहुधा खाली येणाऱ्या वेगाची. वर चढणाऱ्याचं कौतुक कोणाला? आपल्या कळसूबाईला विचारा.

तर फोटो चढले नाहीत की लोक एकच सांगतात, ‘टाइमआउट आला.’ पण कधी आला? मी हा प्रश्न आधी विचारतो, आणि लोक चिडतात. सुरुवातीलाच आला, आकडा ४१३ असेल, तर तो टाइमआउट नाहीच. माल दारात मावला नाही. एनजिनएक्स नावाचा सर्व्हर कुणी हात लावला नसेल तर १ एमबीच्या वर काही आत घेत नाही. पीएचपी ही भाषा मूळच्या मांडणीत एक फाइल २ एमबीपर्यंत, सगळं मिळून ८ एमबीपर्यंत आणि एका खेपेला वीसच फाइली घेते. आठच्या वर गेलात तर फॉर्म असा कोरा परत येतो, जणू तुम्ही काही पाठवलंच नव्हतं. वीसच्या वर गेलात तर वीस ठेवून घेते आणि बाकीच्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. लोक म्हणतात फोटो हरवले. हरवले नाहीत हो, मोजलेच नाहीत.

मध्येच तुटलं तर तुमची लाइन बघा. पण खरी गंमत आहे ती पट्टी शंभर टक्के भरल्यावर. फोटो पोचलेत, तरी मिनिटभराने ५०४ झळकतो. इथे इंटरनेटवाल्याला फोन करून शिव्या देऊ नका, त्या बिचाऱ्याचं काम झालंय. आता गॅलरी प्रत्येक फोटो उघडून त्याच्या छोट्या, मधल्या, मोठ्या प्रती काढतेय. डिस्कवर ५ एमबी असलेला फोटो उघडला की फुगतो. चार हजार बाय तीन हजार म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, प्रत्येकाला चार बाइट. झाले ४८ एमबी. पन्नास मेगापिक्सेलचा मोबाइल असेल तर २०० एमबी, आणि पीएचपीला नेहमीची मुभा १२८ची! तिथे हे काम मुदतीआधीच मरतं. नाही मेलं, तर पुढचा एनजिनएक्स साठ सेकंद उत्तराची वाट बघतो आणि हात झटकतो.

मग कोणीतरी जाणकार येतो आणि साठाचे तीनशे करतो. तीनशे पुरले नाहीत की नऊशे. एका होस्टिंग कंपनीने मला फोनवर हाच उपाय सांगितला, वर महागडा प्लॅनही सुचवला. नाव घेत नाही.

आता हे सगळं आपल्या जिल्ह्याला कळायला अवघड जाऊ नये. प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, तो इतिहास तुम्हाला पाठ आहे. मला फक्त कारखान्याचं यार्ड दाखवायचंय. रात्रीची वेळ, ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बैलगाड्यांची वेगळी रांग, शेकोटीशी ड्रायव्हर, ऊस वाळतोय आणि वजन घटतंय. गाडी काट्यावर चढते, वजन होतं, पावती फाटते. पुढे नंबर लागला की क्रेन मोळ्या उचलते आणि गव्हाणीत टाकते. गव्हाणीत एकदम जास्त ऊस पडला की काय होतं, ते पहिल्या रांगेतले माजी संचालक सांगतील. चोकअप! सगळी मिल थांबते, माणसं आत उतरून ऊस उपसतात. आणि काट्यावर ज्या काही गोष्टी... नाही, काट्याबद्दल मी काही म्हणत नाही. साहेब, तुम्ही हसू नका, लोक भलता अर्थ काढतील. (प्रचंड हशा)

मुद्दा हा, की साखरेचं पोतं बाहेर पडेपर्यंत शेतकऱ्याला गव्हाणीपाशी उभं करत नाहीत. पावती घेतो, घरी जातो. आपली गॅलरी काय करते? साखर होईपर्यंत उभं करते, आणि साठ सेकंदांनी म्हणते, जा. मुदत नऊशे केली तर ती फोटो पाठवणाऱ्याला नऊशे सेकंद उभं करेल. तेवढा वेळ सर्व्हरच्या खिडकीतलं एक माणूस अडकलेलं. अशी पाच-सात अडकली की संकेतस्थळ नुसतं बघायला आलेल्यालाही उघडत नाही. फोटो आले, पावती दिली, प्रती मागाहून निवांत काढल्या, असं व्हायला हवं.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. विकिमीडिया कॉमन्सवर २०१२च्या सप्टेंबरात स्मारकांच्या छायाचित्रांच्या स्पर्धेत भारत पहिल्यांदा उतरला, तेव्हापासून आपल्याकडचे किल्ले, देवळं तिथे ढिगाने चढतायत. तिथे मोठी फाइल तुकड्यातुकड्याने जाते, तुटली तर तेवढाच तुकडा पुन्हा, आणि जुळणी मागे होते. शिवाय प्रत्येक फाइलचा ठसा काढतात; तीच फाइल पुन्हा आली तर लगेच ओळखू येते.

ठशावरून आठवलं... चिठ्ठी आली. पाच मिनिटं? दोन? बरं. मग अपॅची नावाच्या दुसऱ्या सर्व्हरचं राहू द्या. ५०४ आल्यावर पुन्हा बटण दाबू नका. पुढच्याने हात झटकले तरी मागचं काम बऱ्याचदा चालूच असतं. दहा मिनिटांनी गॅलरी उघडा, किती आले ते मोजा, राहिलेलेच पाठवा. नाहीतर एकाच बुरुजाचे चार फोटो दिसतील. दहादहाच्या खेपा करा. घरीच लांब बाजू दोन हजार ठिपक्यांवर आणा. गॅलरीला तेवढी पुष्कळ, मूळ प्रत तुमच्याकडे ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेले चढवू नका, त्यातली तारीख गेलेली असते. डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणि फोनवरच्या होस्टिंगवाल्याला ‘एरर लॉगमधली शेवटची ओळ वाचून दाखवा’ म्हणा, प्लॅनचं नंतर.

संचालकसाहेब विचारतायत, पावती दिली आणि माल गाळलाच नाही तर? योग्य विचारलंत. तर रांगेत अडकलेल्या फोटोंची यादी, अडकण्याच्या कारणासकट, पाठवणाऱ्याला दिसली पाहिजे. ती नसेल तर ती गॅलरी घेऊ नका. कारखान्यात तशी यादी कोण लावतं, ते साहेबांनी अध्यक्षीय समारोपाच्या आधी सांगावं. माझी वेळ संपली. (हशा, टाळ्या)