‘अविश्वास’ : एका शब्दाची चिकित्सा



आम्ही पेशाने डॉक्टर. नाडीइतकेच रुग्णाचे शब्दही आम्हांस तपासावे लागतात. आज ‘अविश्वास’ हा एकच शब्द तपासावयाचे योजिले आहे.

श्वास आणि विश्वास यांचे मूळ एकच, संस्कृतातील ‘श्वस्’ हा धातू. त्यास ‘वि’ उपसर्ग लागला की मोकळा श्वास घेणे, निर्धास्त असणे, असा अर्थ होतो. ज्याच्यापुढे छाती मोकळी होत नाही, त्याच्याविषयी वाटतो तो अविश्वास. लोकशाहीत तो सभागृहात मांडताही येतो. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू मंत्रिमंडळाविरुद्ध लोकसभेतील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. ठराव फेटाळला गेला. परंतु आक्षेप उघड मांडले गेले आणि सरकारला उत्तर द्यावे लागले.

अविश्वास म्हणजे नेहमी अज्ञानच, असे नव्हे. आपण राहतो त्याच अमेरिकेत, अलाबामातील टस्कीगी येथे, १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्यसेवेने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना केवळ निरीक्षणाखाली ठेवले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. त्या समाजाच्या अविश्वासाला असा इतिहास आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या अविश्वासालाही इतिहास आहे. प्रश्न विचारणे हाच ज्यांचा अपराध ठरत असे, ते डॉक्टरांपुढे ‘हो, हो’ म्हणून मान डोलावतात आणि गोळ्या डबीत तशाच राहतात. शंका मनात दबते, तेव्हा तिचाच आजार होतो. पालीत पाच नीवरणांपैकी एकाचे नाव ‘विचिकिच्छा’ आहे. ‘जिला चिकित्सा उरली नाही ती’, अशी बुद्धघोषांनी या शब्दाची फोड केली आहे.

यावर अंधश्रद्धा हा उतारा नव्हे. केसपुत्त येथील कालामांची शंका तथागतांनी रास्तच मानली आणि स्वतः पारखून घेण्याचा मार्ग त्यांना दाखविला.

म्हणून विनंती एवढीच. आई-वडिलांना दवाखान्यात नेताना त्यांच्या वतीने आपणच बोलू नये. त्यांना बोलू द्यावे. गरज पडल्यास दुभाषी मागावा. औषध कशासाठी, किती दिवस आणि न घेतल्यास काय होईल, हे त्यांनी निःसंकोच विचारावे. उत्तर देणे हे आम्हां डॉक्टरांचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. धम्मपदाच्या सुखवग्गात विश्वासाला श्रेष्ठ आप्त मानले आहे. हा आप्त प्रश्नाच्याच वाटेने घरी येतो.

जय भीम. नमो बुद्धाय.