ब्रिटनीचा करार आणि लाल टोप्या

१५३२ साली ब्रिटनी फ्रान्समध्ये विलीन झाली ती अटीवर: प्रांतिक सभेच्या संमतीवाचून नवा कर नाही. चौदाव्या लुईने डच युद्धाच्या खर्चापायी मुद्रांकित कागद व तंबाखू यांवर बोजा लादला, तेव्हा १६७५ मध्ये लाल टोप्यांचे शेतकरी उठले. त्यांनी राजाच्या कराबरोबर जमीनदारांची वेठही नाकारली. स्वायत्ततेचे भाट हा भाग सहसा गाळतात! सैन्याने बंड चिरडले, काही चर्चचे मनोरेही पाडले. क्रांतीने सरदारांच्या सवलती मोडल्या, हे योग्यच. परंतु त्याच फटक्यात प्रांतिक सभाही गेली. पुढे शाळेत ब्रेतॉन बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी जोडा अडकवीत. १९७७ साली पहिली दिवान शाळा निघाली. २०२१ मध्ये घटना परिषदेने प्रादेशिक भाषेच्या माध्यमातून शिकविण्याची तरतूद घटनाबाह्य ठरविली. दिवान शाळा चालूच आहेत.