मठातला पंक्तिप्रपंच



नन्सचा प्रश्न स्त्री-चळवळीच्या व्यासपीठावर कशाला, असं काहींना वाटेल. नन म्हणजे घर सोडलेली बाई. तिला नवरा नाही, सासू नाही. पण ती ज्या संघात जाते, तिथे जात, भाषा आणि वंश तिच्या आधीच येऊन बसलेले असतात. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

जुन्या गोव्यातलं सांता मोनिका कॉन्व्हेंट १६०६ सालचं. तिथे डोक्यावरच्या वस्त्राचे दोन रंग होते. काळं वस्त्र मुख्यतः हुंडा आणणाऱ्या पोर्तुगीज वंशाच्या मुलींचं. पांढरं घेणाऱ्यांच्या वाट्याला कष्टाची कामं. स्थानिक मुलींना सहसा हीच दुसरी वाट मोकळी होती. देव एक, छप्पर एक, पण पंक्तिप्रपंच होताच. युरोपातल्या मठांतही अशा दोन पायऱ्या असत. बायकांच्या संघांत एकच दर्जा असावा, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलं ते १९६५ साली!

दुसरी गोष्ट केरळची. १८६६ साली कूनम्मावूला एलिस्वा नावाची एक विधवा, तिची मुलगी आणि बहीण यांच्यापासून एक संघ सुरू झाला. घर बांबूच्या तट्ट्यांचं. लॅटिन आणि सीरियन अशा दोन्ही उपासना-परंपरांच्या मुली तिथे एकत्र राहिल्या. १८८७ साली रोमने या दोन परंपरांचा कारभार वेगळा केला आणि १८९० साली मठाचीही वाटणी झाली. लॅटिन बहिणींना, खुद्द एलिस्वाबाईंनाही, कूनम्मावू सोडून वरापुळाला जावं लागलं. चोवीस वर्षांचा एकत्र संसार! वाटणी ठरवणाऱ्या अधिकारपदांवर सगळे पुरुष. घर मोडलं ते बायकांचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये चर्चने एलिस्वाबाईंना ‘धन्य’ घोषित केलं. हा गौरव करताना त्या वाटणीचीही आठवण ठेवायला हवी.

रांचीत मात्र १८९७ साली चार आदिवासी मुलींनी पुढे होऊन ‘डॉटर्स ऑफ सेंट ॲन’ हा संघ उभा केला. संधी मिळाली की आपल्या मुली काय करतात, ते यातून दिसतं.

आज जगात सुमारे ५ लाख ८९ हजार नन्स आहेत, हा २०२३ अखेरचा आकडा. युरोप-अमेरिकेत त्यांची संख्या झपाट्याने घटते आहे, आफ्रिकेत वाढते आहे. भारतातल्या सिस्टर्सही तिकडे सेवेला जातात. म्हणजे या जीवनाचं उद्याचं ओझं काळ्या-सावळ्या खांद्यांवर असणार. मग अधिकार कुणाच्या हाती असणार? जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला व्हॅटिकनच्या संन्यस्त जीवनविषयक विभागाच्या प्रमुख झाल्या. या पदावरची ही पहिलीच बाई. आनंद आहे. पण वरची एक खुर्ची बदलली म्हणून खालचं स्वयंपाकघर आपोआप बदलत नाही.

म्हणून प्रत्येक संघाने स्वतःला साधे प्रश्न विचारावेत. उच्च शिक्षणाला कुणाला पाठवलं जातं? स्वयंपाकघरात आणि आजाऱ्यांच्या उशाशी कोण असतं? बैठक कोणत्या भाषेत चालते, आणि ती भाषा न येणारी गप्प बसते का? दलित किंवा आदिवासी सिस्टर कार्यकारिणीवर निवडून येते का?

सणाच्या दिवशी आदिवासी नाच ठेवला की विविधता जपली, असं मानण्याची सोय फार आहे. ती विविधता हिशेबाच्या वहीत, कामाच्या वाटणीत आणि मतपेटीत दिसली पाहिजे. तिथे ती दिसली नाही, तर उद्या आपल्या शिकलेल्या मुली या दाराशी का जातील?