मोर कोणाचा?



कामगारांच्या सभा घेणारा माणूस लहान मुलांच्या कवितेवर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. पण एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे. कारखान्यात चौकशी लागते. चहाच्या टपरीवर तासभर बोलणारा गडी आत गेला की मुका होतो. कारकून आपल्या भाषेत जबाब लिहितो, हा खाली सही करतो. त्याला लिहिता येते. पण आपले वाक्य आपण लिहावे, ही सवयच त्याला लागलेली नसते.

ती का लागत नाही, हे मला माझ्यापुरते ठाऊक आहे. चौथीत मी पावसावर चार ओळी लिहिल्या. खोलीत पाणी शिरले, आईने पिठाचा डबा डोक्यावर धरला, असे त्यात होते. गुरुजींनी डबा खोडला आणि मोर नाचवला. आमच्या चाळीत मोर कुठला? पण शाबासकी मिळाली ती मोराला!

अमेरिकेत केनेथ कोक नावाचे कवी होऊन गेले. १९६८ साली ते न्यूयॉर्कच्या पी. एस. ६१ या प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवू लागले. त्यांची युक्ती साधी होती. साऱ्या वर्गाने मिळून एक कविता करायची. प्रत्येकाने एक ओळ द्यायची. प्रत्येक ओळीचा आरंभ इच्छेने करायचा. यमक नको, शुद्धलेखनाची धास्ती नको. यमकामागे धावताना मूल मनातले सोडते आणि जुळेल तो शब्द धरते, हे त्यांनी ओळखले होते. १९७० साली त्यांनी या प्रयोगावर पुस्तकही लिहिले.

यमक वाईट, असे मी म्हणत नाही. जात्यावरच्या ओवीत ते आहेच. पण तिथे साचा सर्वांचा आणि सुखदुःख जिचे तिचे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली ती महाराष्ट्राला मिळाली. पहिली-दुसरीच्या मुलाला शिक्षक असा लेखनिक हवा. चौकशीतल्या कारकुनासारखा नको.

युनियनच्या कचेरीत रविवारी काही मुले जमतात. पहिलीतली एक मुलगी म्हणाली, ‘मला वाटते, नळाला उशिरा पाणी यावे, म्हणजे आई झोपेल.’ पेन्सिल माझ्या हाती होती. खरे सांगतो, ओळ जरा सजवावी असा मोह मलाही झाला. मी ती तशीच लिहिली आणि तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘हे मी सांगितलेलं!’

या सभेत शिक्षक आहेत, आईबाप आहेत. आठवड्यातला एक तास मुलांना द्या. चांगल्या कविता मोठ्याने वाचा, आरंभाचे दोन शब्द द्या आणि गप्प बसा. ऱ्हस्व-दीर्घ मागाहून सुधारता येईल. सगळी मुले कवी होणार नाहीत, व्हायलाही नकोत. पण पुढे कोणत्याही कागदावर सही करताना ‘हे मी सांगितलेले आहे का?’ एवढे त्यांनी विचारले, तरी पुरे.