मोबाईलचं काम कागदावर उतरवताना

(संग्रामपूर येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका कृषी सखीने केलेले भाषण. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)

 

मला बोलायला सांगितलं ते मोबाईलमधल्या ॲपबद्दल. पण मी ॲप शिकवणार नाही. ॲप कसं वापरायचं हे दुसरीसाठी कागदावर कसं लिहायचं, ते सांगणार आहे. कारण मी ते एकदा फार वाईट लिहिलं आणि त्याचा भुर्दंड माझ्या गावातल्या एका मावशीला बसला.

तुम्हाला माहीत आहे, 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, माहिती भरायची, की ती सातबाऱ्यावर चढते. बाया मला विचारायच्या, म्हणून मी वहीत लिहून काढलं. अकरा पानं! ॲप कशासाठी आहे, कोणत्या योजनेला लागतं, बटणं किती, माझा अनुभव काय, सगळं एकातच. झेरॉक्स काढून वाटली. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं.

मावशी एकट्या राहतात, दोन एकर आहे, तूर होती. त्यांच्या पुतण्याने माझी पानं पाहून वावरात फोटो काढला. सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या अंगाला वावर, तिथे रेंज येते-जाते. रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये राहते आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करावी लागते. हे मी लिहिलं होतं. सातव्या पानावर, खाली, कंसात. पुतण्याने फोटो काढला, फोन खिशात टाकला, झालं म्हणून सांगितलं.

तूर घरात आली, पण सातबाऱ्यावर तूर नव्हती. सरकारी खरेदीला नाव नोंदवायचं तर पीकपेरा लागलेला सातबारा मागतात. मावशींनी तूर व्यापाऱ्याला दिली, तो म्हणाला त्या भावात. मला त्या एवढंच म्हणाल्या, “बाई, तू तं लिहून देलं होतं ना व?”

ही नोंद म्हणजे नुसती कागदाची भर नाही. सरकारने 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी 5000 रुपये, 2 हेक्टरपर्यंत, द्यायचं ठरवलं, तेव्हाही आधी ई-पीक पाहणीचीच नोंद पाहिली होती.

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिचं काम काय, तर सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिणं. (मी इतकी वर्षं समजत होते की ती टायपिंग करते.) दिवाळीत आली तेव्हा तिला ती अकरा पानं दाखवली. तिने वाचली आणि विचारलं, “मावशी, हे वाचणारी बाई कुठे उभी असेल?” मी म्हटलं, वावरात. “मग तिला वावरात लागतं तेवढंच दे. का करायचं, योजना कोणती, हे बैठकीत सांग.” शिकवायचं वेगळं, करायचं वेगळं, आणि मी दोन्ही एका भांड्यात शिजवलं होतं. मग ती म्हणाली, प्रत्येक वेळी नव्याने विचार करू नको, एक कोरा साचा कर आणि दर कामाला तोच भर. तिच्या क्षेत्रात ही जुनीच रीत आहे म्हणे. द गुड डॉक्स प्रोजेक्ट नावाचा स्वयंसेवकांचा गट आहे, तो असे कोरे साचे बनवतो आणि सगळ्यांना फुकट वापरू देतो.

मला हसू आलं. आपल्याला साचा नवीन आहे का? आपण सातबारा म्हणतो तो गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12. तलाठ्याच्या दप्तरात असे 1 ते 21 नमुने. ग्रामपंचायतीत घराचा नमुना 8. आणि आपलं इतिवृत्त बघा: तारीख, हजर सदस्य, मागच्या सभेचं वाचन, बचत, परतफेड, कर्जमागणी, ठराव, सूचक, अनुमोदक. सचिव बदलली तरी वही बदलत नाही. अनुमोदकाची जागा रिकामी राहिली तर कोणीही बोट ठेवून विचारतं, इथे कोण? साच्याचा खरा उपयोग हाच. माझ्या अकरा पानांत काय राहिलं ते कोणाला दिसलंच नाही, कारण जागाच ठरलेली नव्हती.

म्हणून आम्ही दोघींनी एका पानाचा नमुना केला. त्यात सहा जागा आहेत. पीक पाहणीसाठी तो भरल्यावर असा झाला:

काम: स्वतःच्या वावरातल्या पिकाची नोंद करणे.
सोबत काय हवं: चार्ज केलेला फोन, गट क्रमांक, खाते क्रमांक, पीक किती क्षेत्रावर आहे तो आकडा. फोनचं लोकेशन चालू.
कसं करायचं: वावरात उभं राहा. ॲप उघडा. खातेदाराचं नाव निवडा. गट निवडा, हंगाम निवडा, पीक निवडा, क्षेत्र लिहा. फोटो काढा. रेंज नसेल तर रेंजमध्ये येऊन अपलोड करा.
झालं हे कसं ओळखायचं: गावाच्या पीक पाहणीच्या यादीत आपलं नाव दिसलं पाहिजे. नुसता फोटो निघाला म्हणजे झालं नाही.
चुकलं तर: 48 तासांच्या आत आपल्याला दुरुस्त करता येतं. त्यानंतर तलाठ्याकडे जा.
कोणी तपासलं: कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या ॲपवर.

चौथ्या जागेकडे बघा. ही जागा माझ्या जुन्या पानांत असती तर मावशींची तूर सातबाऱ्यावर चढली असती. काम कसं करायचं हे सगळे लिहितात, पण काम झालं हे कशावरून कळेल ते लिहायला बहुतेक जण विसरतात. लोकओएस, आपण लोकोस म्हणतो ते, त्यात बैठकीची नोंद भरताना हेच होतं. बचत भरली, परतफेड भरली, ती पुढे गेली की फोनातच बसून आहे हे कोण बघतं?

सहावी जागा मला आधी उगाच वाटली होती. मग पीक पाहणीचं नवं डीसीएस ॲप आलं आणि जुन्या कागदातली काही बटणं सापडेनात. तारीख नसलेला कागद कालचा की तीन वर्षांपूर्वीचा, कसं कळणार? नवं ॲप आलं की पान तेच ठेवायचं, फक्त तिसरी जागा नव्याने भरायची आणि तारीख बदलायची.

पान भरून झालं तरी लगेच वाटू नका. आधी तपासा, आणि तपासायला हुशार बाई घेऊ नका. मी माझ्या जाऊबाईंना घेतलं, त्यांनी ते ॲप कधी उघडलंही नव्हतं. कागद त्यांच्या हातात दिला आणि मी तोंडाला पदर लावून बाजूला उभी राहिले, एक शब्द बोलायचा नाही. कागदावर मी लिहिलं होतं, “चुकलं तर मागे जा.” जाऊबाई वाचत वाचत धुऱ्यावरून चार पावलं मागे गेल्या! म्हणाल्या, “अजून किती मांगं जाऊ व?” हसून हसून पोट दुखलं, पण चूक माझीच होती. आता मी लिहिते, “फोनवरचं मागे जायचं बटण दाबा.”

तसंच शब्दांचं. बटणावर जे लिहिलं आहे तेच अक्षर अन् अक्षर कागदावर उतरवा. बटणावर ‘पुढे’ असेल आणि तुम्ही ‘सबमिट’ लिहिलं, तर वाचणारी सबमिट शोधत बसेल. ॲप इंग्रजीत असेल तर बटणाचं नाव मराठी अक्षरांत लिहा आणि ते वरून कितवं आहे ते सांगा. भाषा ही लहान गोष्ट नाही. 2021 मध्ये आपल्या अंगणवाडी ताईंनी राज्यभर मोबाईल परत केले, त्यात फोन नादुरुस्त ही तक्रार होती, तशी पोषण ट्रॅकर ॲप मराठीत नाही हीसुद्धा होती.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. नमुन्यात कोणाचाही खरा आधार क्रमांक, खाते क्रमांक, संकेतांक किंवा ओटीपी लिहू नका. स्क्रीनचा फोटो लावायचा असेल तर त्यातलं नाव-नंबर आधी खोडा. झेरॉक्स कुठे कुठे जातो ते आपल्याला कळत नाही, चिवड्याच्या पुडीतसुद्धा जातो.

मावशींचं पुढे काय, असं तुम्ही विचाराल. पुढच्या खरिपात त्यांनी पुतण्याकडून नवं पान वाचून घेतलं, रेंजसाठी टुनकीच्या रस्त्यावर येऊन अपलोड केलं आणि यादीत नाव दिसेपर्यंत त्याला घरी जाऊ दिलं नाही. मला भाव विचारला तर म्हणाल्या, तो तुझ्या कागदात नाही.

कोरा नमुना या अंकाच्या मधल्या पानावर दिला आहे. दर ग्रामसंघाने एक काम निवडावं: लोकोसची बैठक नोंद, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, जे तुमच्याकडे सारखं विचारलं जातं ते. भरा, एका अनोळखी हातात देऊन तपासा आणि पुढच्या सभेला घेऊन या. झेरॉक्सची शाई कमी असली तर चौथ्या जागेचं नाव पेनाने गिरवून घ्या, तेच सगळ्यात फिकट छापलं गेलंय.