अंगणातली फुलझाडे आणि आपले पाणी



आयुष्यभर कामगारांच्या मागण्या मांडणाऱ्याने फुलझाडांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. आमचे शिक्षण जिनिंगच्या फाटकापाशी झाले. झाडांची पुस्तके चाळिशीनंतर मागून आणून वाचली. पण त्याआधी अंगणानेच आम्हांला धडा दिला. एका वर्षी बारा कलमी गुलाब हौसेने आणले. मे महिन्यात नळ आठवड्याने येऊ लागला आणि बाराही वाळले. शेजारची कण्हेर मात्र फुललेली. तिला तांब्याभर पाणीही कोणी घालीत नव्हते.

तेव्हा आधी पाणी मोजावे, मग झाड निवडावे. २०१८ साली निळोणा व चापडोह धरणांनी तळ गाठला तेव्हा या शहराने काय सोसले, ते इथल्या भगिनींना सांगावयास नको. कण्हेर, शंकासूर, बोगनवेल, तगर, कोरांटी ही झाडे पहिले दोन उन्हाळे जपली की पुढे न्हाणीच्या पाण्यावर निभावतात. मात्र कण्हेरीचे पान, फूल, चीक सारेच विषारी. घरात रांगते मूल वा दारात बकरी असेल, तर ती नको.

आपली काळी जमीन पावसात फुगते नि उन्हात भेगाळते. पाणी साचून मुळे कुजतात, भेगांत ती तुटतात. म्हणून दोन फुटांच्या खड्ड्यात खाली विटांचे तुकडे, वर मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत घालावे. उन्हाळ्यात आळ्यावर सोयाबीनचे कुटार पसरावे, ओल टिकते.

मोगऱ्याची गोष्ट निराळी. त्याला थंडीत पाणी तोडावे, जानेवारीत छाटावे, मग खत देऊन पाणी सुरू करावे. हा थोडा उपास त्याला मानवतो. (माणसाला मात्र मानवत नाही, हे मालकांना सांगण्यात आमची बरीच वर्षे गेली.)

आता जास्वंद. ती आणि आपली कपाशी एकाच कुळातली. फुले शेजारी ठेवून पाहा. म्हणूनच कपाशीवरचा पिठ्या ढेकूण जास्वंदीवरही येतो, आणि लोक शेतातले उरलेले औषध अंगणात फवारतात. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली, शेकडो इस्पितळात पडली. त्यांत मजुरीने पंप पाठीवर घेणारे होते. तेच विष देवाला वाहायच्या फुलावर कशाला? किडका शेंडा कापून जाळावा, पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवावे, साबणाचे पातळ पाणी शिंपडावे, आणि मुंग्यांची वाट मोडावी. कीड एका फांदीवरून दुसरीवर नेण्याचे काम त्याच करतात. आठ-आठ दिवसांनी दोन-तीनदा करावे लागते, पण झाड सुधारते.

आमच्या मोगऱ्याच्या फांद्या पावसाळ्यात मातीत दाबून ठेवतो. पोळ्यापर्यंत त्यांना मुळे फुटतात. ज्यांना रोप हवे त्यांनी कुंडी घेऊन यावे.