गांवठाणाची रेघ कोणी ओढावी?

(ऊसतोडीहून परतलेल्या मंडळींपुढें बीड जिल्ह्यांत झालेलें भाषण)



पांच-सहा महिने तुम्ही पाचटाच्या कोपींत काढलेत. आतां गांवीं आलांत आणि आपल्या पत्र्याखालीं निजूं लागलांत. पण तें घर ज्या जागेवर उभें आहे, ती जागा कायद्यानें तुमची आहे काय? आज मला एवढेंच विचारावयाचें आहे.

घराचा कायदा तीन दारीं बसला आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणें घर बांधण्यास पंचायतीची परवानगी लागते. पण गांवठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार १९६६ च्या जमीन महसूल संहितेनें जिल्हाधिकाऱ्यास दिला. आणि कोणती जमीन वस्तीची व कोणती शेतीची, हें त्याच सालच्या नगररचना कायद्याखालच्या आराखड्यांत ठरतें. १९९३ सालीं ७३ वी घटनादुरुस्ती अंमलांत आली. पंचायतींकडे सोंपवावयाच्या २९ विषयांत ग्रामीण घरबांधणीहि आहे; परंतु किती अधिकार द्यावा हें विधिमंडळाच्या हातीं राहिलें. म्हणजे भिंतीची परवानगी गांवाकडे, आणि गांवानें कोणीकडे वाढावें हें वरच्यांकडे!

जुन्या रेघेंत जागा उरली नाहीं. घरें वाढलीं, तेव्हां ज्याला शेत होतें तो शेतांत गेला. ज्याला शेत नव्हतें तो गायरानावर गेला आणि 'अतिक्रमणदार' ठरला. २०११ सालीं पंजाबांतील एका गांवाच्या तळ्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें गांवच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणें काढण्यास सर्व राज्यांना सांगितलें. भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाति-जमातींना सरकारी अधिसूचनेनें जागा दिली असेल, तर अपवाद ठेवला. ज्याच्या हातीं कागद, त्यालाच त्या अपवादाचा आधार.

कोणी म्हणतात, सर्व सत्ता गांवाला द्या. मला हें अर्धेंच पटतें. गांव म्हणजे कोण? महारवाडा-मांगवाडा वेशीबाहेर ठेवणारी रेघ मुंबईच्या कायद्यानें ओढली नव्हती, ती गांवानेंच ओढली होती. अनुसूचित जाति-जमातींच्या भूमिहीनांनी १९९० पर्यंत शेतीसाठीं कसलेलीं गायरानें त्यांच्या नांवें करण्याचा निर्णय १९९१ सालीं झाला, तो सरकारचा होता. चावडीवर बसणाऱ्यांचा नव्हे. म्हणून राज्याच्या कायद्यानें एवढें बांधून द्यावें कीं बेघराला जागा मिळालीच पाहिजे. ती कोणत्या अंगाला द्यावयाची, पाणी कोठें, रस्ता कोठें, हें ग्रामसभेनें ठरवावें. कारण ओढ्याला पूर कोठवर येतो हें मुंबईस ठाऊक नसतें.

पण ग्रामसभेंत आपण असतों का? २६ जानेवारीच्या सभेला तुमचा कोयता कोल्हापूर-सांगलीच्या फडांत असतो. गणसंख्या भरली नाहीं म्हणजे सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येचें बंधन नाहीं. मग चार असामी बसून ठराव करतात, आणि तो गांवाचा ठराव ठरतो. म्हणून जागेचे व घरकुलांचे ठराव १५ ऑगस्टच्या सभेंत, कोयता गांवांत असतां व्हावेत, ही मागणी धरा.

आणखी तीन कामें आतांच करा. पंचायतीचा नमुना आठचा उतारा काढा; त्यावर नवऱ्यासोबत बायकोचें नांव लावा. मात्र तो कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे, हें विसरूं नका. दुसरें, २०२० पासून स्वामित्व योजनेंत गांवठाणाची ड्रोननें मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपली पत्रिका पाहा, चूक असल्यास लेखी हरकत द्या. तिसरें, ज्यांचीं घरें रेघेबाहेर आहेत त्यांनी मिळून गांवठाण वाढीचा अर्ज ग्रामसभेपुढें ठेवावा, जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवावा आणि ठरावाची नक्कल हातीं घ्यावी.

मुकादमाची उचल घेतांना तुम्ही आंकडा दोनदां विचारतां. घराच्या जागेबद्दल निदान एकदां तरी विचारा. कोयता घेऊन गांव सोडण्यापूर्वीं विचारा.